आळीपाळीच्या गोळ्या

प्रिय लंबू,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. फोन केला की तू ठेवून देतोस. मागच्या वेळी तर मी 'हॅलो' म्हणायच्या आत ठेवलास, म्हणजे माझा नंबर तू अजून ओळखतोस एवढं तरी कळलं. तुझ्या अक्काकडे निरोप दिला तर 'झोपलाय' असं उत्तर येतं. बँडच्या तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडणारा माणूस आता दिवसभर झोपून असतो, हे सांगताना अक्कालाही पटत नसावं, कारण प्रत्येक वेळी ती आवाज खाली करते. पत्राचं एक बरं असतं, ते बोलत असताना मध्येच तोडता येत नाही. म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बसायलाही धड जागा नाही, त्यामुळे ओळी वर चढल्या आहेत. कागद म्हणजे आपल्या जुन्या मार्चच्या सुरावटीची पानं, तीच पाठकोरी वापरतोय. मास्तरांना सांगू नकोस.

आधी मुख्य बातमी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. मी बरा झालो. 'बरं वाटतंय' असं नव्हे, ते आपल्याला मागेही वाटलं होतं आणि त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. बरा झालो म्हणजे थुंकी तपासली, स्वच्छ निघाली. पुन्हा तपासली, पुन्हा स्वच्छ. छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चला, आता काही महिने मला तोंड दाखवू नका." इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी हाकललेलं नाही. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. ती आधी हसली, मग ओट्याकडे तोंड करून घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली. मी जवळ गेलो तर सवयीने म्हणाली, "अहो, लांब बसा." आणि मग आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की आता लांब बसायचं काही कारण नाही. त्यानंतर ते पातेलं तसंच राहिलं. असो. तुला एवढं पुरे.

तर मी बरा झालो आणि तू झालेला नाहीस. ज्या नव्या औषधाने मी बरा झालो, त्यातली एकही गोळी तू अजून तोंडात घातलेली नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. यापुढे मी कितीही इकडचं तिकडचं बडबडलो तरी डोक्यात हीच एक गोष्ट आहे, असं धरून चाल.

परवा अक्काला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली की एवढ्या महिन्यांत तू आजाराबद्दल एकच वाक्य बोललास, "ठेंगूला मी मारलं." अरे गाढवा! मी इथे चांगला धडधाकट बसलोय, दोन वेळा भरपेट जेवतोय, तुझ्या वहिनीच्या शिव्या खातोय, आणि तू मला मारून मोकळा झालास? मला विचारायचं तरी होतंस. म्हणून जे काही झालं ते मी पहिल्यापासून माझ्या बाजूने सांगतो. तुला सगळं माहीत आहे, पण खोलीत एकटाच घोळवत बसून तू त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवलं आहेस.

मास्तरांनी आपल्याला शेजारी बसवलं तेव्हा अख्खा बँड हसला होता. तुझं डोकं मांडवाच्या झालरीला लागायचं आणि माझे बूट जमिनीला पोचायचे नाहीत. ढोलवाल्याने त्याच दिवशी आपलं बारसं केलं, लंबू आणि ठेंगू, आणि खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायला लागली. पण मास्तरांनी विचार करूनच बसवलं होतं. बागेतल्या चौथऱ्यावर आपण तो शेवटचा मार्च वाजवायचो ना, त्याचा अखेरचा सूर एका छातीत मावणारा नव्हता. मास्तर म्हणाले, एका सुराला दोन ट्रम्पेट देतात ते याचसाठी. एकाने श्वास घ्यायचा, तेवढ्यात दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा, मग अदलाबदल. ऐकणाऱ्याला वाटतं, एकच पठ्ठ्या न थांबता फुंकतोय. फक्त दोघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आपण खूणही ठरवली होती. तू गुडघ्याने माझा गुडघा ढोसलास की त्याचा अर्थ, घे, मी धरतो.

आणि मग ती आपली रीतच होऊन बसली. बुटाच्या पॉलिशची डबी एक, छत्री एक, बाहेरगावी कार्यक्रम असला की पलंग एक आणि झोप आळीपाळीने. माझी मुलगी जन्मली त्या दिवशी मी दवाखान्यात होतो आणि दोघांचं तू वाजवलंस. तुझी बायको गेली तेव्हा तू महिनाभर आला नाहीस आणि दोघांचं मी वाजवलं. मास्तरांनी एका शब्दाने विचारलं नाही, पगार मात्र दोघांचाही काढला. ढोलवाला म्हणायचा, यांच्यातला एक मेला तर दुसरा पंधरा दिवस पत्ता लागू देणार नाही. तेव्हा त्यावर किती हसलो होतो आपण.

खोकला आधी मला लागला. मी म्हटलं धूळ, तू म्हणालास पॉलिशचा वास, वहिनी म्हणाली दवाखाना. नेहमीप्रमाणे तिचंच खरं निघालं. पुढे काही आठवड्यांनी तूही खोकायला लागलास. तपासणीत तुझंही तेच आल्यावर तू काय म्हणाला होतास, आठवतं? "शेजारी बसायचं म्हणजे एवढं चालायचंच." क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात हे ऐकून आपल्याला हायसं वाटलं होतं, आणि मिळाल्याही, सुरुवातीला. मग एके दिवशी खिडकीतल्या बाई म्हणाल्या, वरून माल आलेला नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात तेच. त्यानंतर खिडकीवर 'साठा नाही' असा कागदच लागला. त्या बाईंचा तरी काय दोष, त्या स्वतःच्या बटव्यातून थोड्याच आणणार होत्या! चौकातल्या औषधवाल्याकडे गोळ्या होत्या, पण त्याने भाव सांगितला आणि आपण दोघंही दुकानातली दुसरीच काहीतरी वस्तू बघायला लागलो. खोकल्यामुळे बाहेरगावचे कार्यक्रम बंद, कमाई निम्म्यावर. दोघांचे पैसे मिळून एका माणसाचं औषध भागत होतं. दोघांचं काही केल्या भागेना.

आणि मग आपण जे केलं ते जगात दुसऱ्या कोणी केलं नसेल. त्या दुकानाच्या पायरीवर बसलो असताना तू म्हणालास, "एक महिना तू घे, मी धरतो. पुढच्या महिन्यात मी घेतो, तू धर." लंबू, खरं सांगतो, मला त्यात तसूभरही चूक दिसली नाही. उलट इतकी बरोबर वाटली ती कल्पना, की उठून मी तुला चहा पाजला. आता तू मनात म्हणत असशील की डोकं माझं होतं, म्हणून पाप माझं. डोकं तुझं होतं, मान्य. पण तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत माझी मान हलली होती, आणि पहिला महिना मी घेतला, तू नाही. तू म्हणालास, आधी तुला लागलाय, आधी तू. म्हणजे मारायला निघालेल्या माणसाने आधी औषध मलाच पाजलं. असा खुनी मी तरी ऐकलेला नाही.

बरं, फरकही पडला होता ना! ताप उतरला, भूक लागली, कोटाची बटणं पुन्हा घट्ट व्हायला लागली. ज्याची पाळी नसायची त्यालाही आधीच्या महिन्याच्या जोरावर बरंच वाटायचं. मध्येच खिडकीतला कागद निघाला, गोळ्या आल्या, पण 'फुकट' या शब्दावरचा आपला विश्वास उडाला होता. आपलं छान जमलंय, आता कशाला तिकडे जा, असं आपण दोघांनी शहाणपणाने ठरवलं. दवाखान्यातून विचारायला माणूस आला की आपण सांगायचो, रोज चालू आहे, बाहेरून घेतोय. खोटंही नव्हतं ते. गोळी रोजच्या रोज घेतली जात होती, फक्त कोण घेतोय ते आपण सांगत नव्हतो.

मग तुला पुन्हा घाम सुटायला लागला, मला रक्त पडलं, आणि वहिनीने दोघांनाही कान धरून डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. त्या तेव्हा नव्याच आल्या होत्या. दोघांच्या थुंकीचा निकाल सारखाच आला: साध्या गोळ्यांना हा आजार आता दाद देत नाही. त्यांनी विचारलं, औषध नेमकं कसं घेतलं? आणि तू हातवारे करून त्यांना सगळं समजावलंस, सूर, श्वास, गुडघा, सगळं. मला वाटलं आता आपली खैर नाही. पण त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, टेबलावर कोपर टेकून, एखादी गोष्ट ऐकावी तसं. मग म्हणाल्या, "तुमची पाळी नसायची तेव्हा आजार सुट्टीवर जात नव्हता हो. तो मार खाऊन बाजूला बसायचा आणि निर्ढावून परत यायचा." त्यानंतर रागावल्या, ते वेगळं. तू तेव्हा खाली मान घातलीस ती अजून वर केली नाहीस, असं मला वाटतं.

निर्ढावलेल्या क्षयावर नवी गोळी निघाली होती, पण आपल्या दवाखान्यात ती अजून पोचली नव्हती. बाहेरचा भाव त्यांनी सांगितला तेव्हा मला आधी वाटलं की त्या एखाद्या घराची किंमत सांगताहेत. आपण चालत परत आलो. कोपऱ्यावर मी नेहमीसारखा "उद्या भेटू" म्हणालो आणि तूही नेहमीसारखा हात वर केलास. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, बहिणीकडे गेला, सामान घेऊन गेला.

मी तुला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, कागद खराब होईल. पळपुटा हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता. येता जाता तुझा उद्धार चालायचा. एके दिवशी जेवताना मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा तुझ्या वहिनीने हातातला पेला आपटला, आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. तू जायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या हातात दिला होतास म्हणे, ठेंगूच्या औषधाला लाव आणि त्याला कळू देऊ नकोस, अशी शपथ घालून. मी उघडून बघितलं आणि विचारलं, एवढे कुठून आले? ती म्हणाली, ट्रम्पेट विकला भावजींनी. लंबू, मी त्या ताटावरून उठलो ते अंगणात जाऊन रडलो. पुरुषाने रडू नये वगैरे मला सांगू नकोस. बायको गेली तेव्हाही जो ट्रम्पेट तू उशाशी घेऊन झोपलास, तो विकून तू पैसे ठेवून गेलास, आणि मी तुला पळपुटा म्हणत होतो. घर विकत घेण्याएवढे ते अर्थातच नव्हते. तुलाही ते माहीत असणार. पण तुझी पाळी सोडून तू निघून गेला होतास, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता चांगलं ऐक. डब्याला आम्ही हात लावलेला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. तू गेल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. ती नवी गोळी इतके दिवस एकाच कंपनीने बनवायची आणि ती सांगेल तो भाव, असा हक्क होता. त्या हक्काची मुदत संपली. दुसऱ्या कारखान्यांनीही ती बनवायला घेतली आणि भाव धाडकन खाली आला. इतका की आता सरकारच विकत घेऊन दवाखान्यातून देतं. ज्याला लागेल त्याला, फुकट. हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं, आणि मी काय केलं? तोंड वाकडं केलं. म्हटलं, फुकट कधीपर्यंत? साठा नाहीचा कागद लागेपर्यंत?

त्यांना राग आला नाही. त्या उठल्या, किल्ल्या घेतल्या आणि मला मागच्या औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे फळीवर पुठ्ठ्याची खोकी ओळीने लावलेली, आणि प्रत्येकावर माणसाचं नाव. म्हणाल्या, आता माणसाचं अख्खं औषध आधी येतं, त्याच्या नावाच्या खोक्यात बसतं, आणि मगच त्याला पहिली गोळी मिळते. अर्ध्यावर संपायचा प्रश्नच नाही, आणि दुसऱ्याला द्यायचाही नाही, असं म्हणून माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. माझं खोकं मला सापडलं. त्याच्या शेजारच्या खोक्यावरचं नाव मी दोनदा वाचलं, कारण लंबू, तुझं आडनाव मी विसरूनच गेलो होतो. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "मागणी मी दोघांची एकदमच पाठवली होती. तुमचे शेजारी कुठे आहेत?" मी म्हटलं, बहिणीकडे गेलाय, यायचं नाव घेत नाही. तेव्हापासून जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा त्या मला तुझ्याबद्दल विचारत आल्या आहेत. त्यातल्या गोळ्यांची मुदत टळू नये म्हणून त्या मधूनमधून तारखा बघतात, आणि लागलं तर बदलून ठेवतात. आपल्या दोघांना तिथले लोक 'आळीपाळीवाले' म्हणतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. नवीन येणाऱ्यांना आपली गोष्ट सांगून दम देतात. निदान कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

गोळ्या सोप्या आहेत असं मी सांगणार नाही. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार! सुरुवातीला मळमळतं, अन्न नको वाटतं. तळपायांना मुंग्या येतात, मला तर वाटायचं मोजे उलटे घातलेत. मग त्यांनी एका गोळीचं प्रमाण कमी केलं, आणि ते त्यांनी केलं, मी मनाने नाही, हे लक्षात घे. मधून मधून छातीला तारा लावून हृदयाची पट्टी काढतात. पण सुया नाहीत. पूर्वीच्या त्या रोजच्या इंजेक्शनांनी लोक बहिरे व्हायचे म्हणे, तसलं काही नाही. सगळं मिळून सहा महिने, वर्षानुवर्षं नव्हे. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मला भूक लागली म्हणून जाग आली. खोकल्याने नव्हे, भुकेने! मी पडल्या पडल्या ओरडलो आणि वहिनी घाबरून धावत आली.

गेल्या आठवड्यात मी तालमीला जाऊन आलो. मास्तरांनी आता कानात यंत्र बसवलंय आणि क्लॅरनेटवाला बेसूर झाला की ते उघड उघड बंद करतात. ढोलवाल्याने दात बसवून घेतलेत, त्यामुळे त्याचे विनोद आता स्पष्ट ऐकू येतात आणि लोकांना ते आवडेनासे झालेत. तुझ्या खुर्चीवर सायकलवाल्याची मुलगी बसते. चांगली वाजवते, दम आहे पोरीत. मास्तरांनी मला तिसरा ट्रम्पेट दिला, म्हणजे मध्ये मध्ये पोंक पोंक करायचं आणि बाकी वेळ पानं उलटायची. मी तक्रार केली नाही. माझा सूर अजून लवकर तुटतो, चेहरा लालभडक होतो, पण आवाज माझाच आहे. घरी येताना वाटेत मला इतकं हलकं वाटत होतं की दोन वेळा थांबून मी उगाचच खोल श्वास घेऊन बघितला. नुसता घ्यायचा म्हणून. आत जातो, बाहेर येतो, कुठेही अडत नाही. तुला ते सांगायला मी तिथल्या तिथे फोन लावला, आणि तू ठेवलास.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि काल तिकीट काढलं. लंबू, हे पत्र पोस्टातून आलेलं नाही. तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मी हे सकाळपासून लिहितोय. आल्या आल्या दार वाजवलं तर तू आतून म्हणालास, "अक्का, ताट बाहेर ठेव आणि लांब जा." मी गप्प बसलो, कारण माझा आवाज ऐकलास तर तू दिवसभर ओ देणार नाहीस, हे मी जाणतो. तेव्हापासून तुझा खोकला ऐकतोय. खोकल्यानंतर तू भिंतीला हात टेकतोस तोही आवाज इथे येतो, आणि प्रत्येक वेळी मला वाटतं खांद्याने दार फोडावं, पण खांदा ठेंगूचा आहे. तू मला मारलं नाहीस, हे फोनवर सांगून तुला पटलं नसतं, आणि लिहूनही पटायचं नाही. म्हणून दाखवायला आलोय. तुझं खोकं डॉक्टरीणबाईंनी तुझ्या अक्काजवळच्या दवाखान्यात पाठवलंय. ते घेऊन तिथल्या नर्सबाई खालच्या खोलीत बसल्या आहेत. आज तुझी थुंकी घेतील, तपासतील, आणि मग तुझ्या गोळ्या तू घ्यायच्या, सगळ्या, रोज, एकट्याने. तोंडाला बांधायची पट्टी अक्काने ताटाशेजारी ठेवली आहे, मी माझी बांधली आहे. नर्सबाईंना अजून दोन घरं करायची आहेत आणि इथून दिसतंय, त्यांनी आता दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं. हे कागद मी दाराखालून सरकवतोय. वाचून झाले असतील तर कडी काढ आणि मी जिवंत आहे का, ते बघ.

तुझाच,
ठेंगू